तळी

हेळवी आला तो बैलाशिवाय.
सिद्राम, मिरजेकडचा. हातात रेक्झिनची पिशवी,
आणि कोपरखैरण्यात सेक्टर सात सापडायला
दीड तास लागला म्हणून
आधी सिडकोला एक शिवी.

चटईवर बसून त्यानं वही सोडली.
लाल फडक्याला डांबरगोळ्यांचा वास.
तात्यांनी बनियनवर शर्ट चढवला,
गळ्याच्या बटनापर्यंत लावला.

मग त्याचा आवाज बदलला.
भिवजीचा सयाजी.
सयाजीचे दोन, गेणू नि मल्हारी.
गेणूचा रखमा, तो मानमोडीत गेला, मागं तान्हा आनंदा.
आनंदा मशीद बंदरला, पाठीवर पोती.
आनंदाचा हा सोपान.
"हा" म्हणताना पेन तात्यांकडं वळलं
आणि तात्या, मुकादमानं पुकारल्यासारखे,
"हाय" म्हणाले.

बाजार तुर्भ्याला हलला, तेही आहे त्याच्याकडं,
एका ओळीत.
त्या ओळीत आईचे फुटलेले रांजण नाहीत.
"आणि माझं नाव?" मी विचारलं.
"चहात साखर नको ताई, शुगर हाय."

तात्या सांगू लागले, आपण मूळचे पिंपळसोंडीचे.
हेळव्यानं मान हलवली.
"मूळचे न्हवं. पिंपळसोंडीला आलेले.
त्याआधी नीरेकाठी.
शके सतराशे अठ्ठ्याण्णव, दुष्काळ.
वाटायला रान न्हवतं, जातं हुतं.
गेणूनं तळी उचलली, वरची मल्हारीकडं ऱ्हायली.
पाऊस झाला की जुळवू, असं ठरलं."

कुणी काही बोललं नाही.
गॅलरीत, तुळशीच्या कुंडीखाली
तो गोल दगड माझ्या जन्माआधीपासून आहे.
मशीद बंदरहून टेम्पोत चढवला तेव्हा
आई म्हणाली होती, कपाट ठेवा खाली नि धोंडा न्या.
दुसरा कुठं, हे कुणी विचारलं नव्हतं.

"मल्हारीची माणसं?"
"ते पान माझ्या चुलत्याच्या वाटणीत गेलं.
त्याची पोरं आता वही वाचत न्हाईत."
पाचशे रुपये, दोन किलो तांदूळ, एक टॉवेल.
जिन्यात त्याच्या खोकल्याचा आवाज खाली खाली गेला.

तात्यांनी शर्ट काढला नाही.
कुंडी सरकवली. पोत्यांनी खाल्लेली कंबर धरत
उकिडवे बसले.
मधल्या भोकात माती बसलेली, चिखल सुकून घट्ट.
करंगळीनं उकरली, फुंकर मारली,
पुन्हा उकरली.
मग वर न बघता मला म्हणाले,
फूटपट्टी आण.