अकरावी बाटली

सकाळी नऊला ओव्हन उघडते. एकशे पंधरा अंश.
आत चोवीस सीलबंद बाटल्या,
प्रत्येकीच्या गळ्यात माझ्या अक्षरातली चिठ्ठी:
पॉलिमर इतका, त्याला बांधणारं रसायन इतकं,
आणि बाकी समुद्र.

एकेक आडवी करते.
पहिलीतलं पाणी पाण्यासारखंच पळतं.
सातवीतलं काचेला धरून धरून सरकतं.
अकरावी लांब जीभ काढते
आणि सरळ केली की मुकाट आत घेते.
तिच्यापुढे मी खूण करते.

तेल तळ्यासारखं साठलेलं नसतं,
हे चेंबूरच्या शेजाऱ्यांना सांगून मी थकले.
खडक असतो. चुनखडी.
त्याच्या सुईच्या टोकाएवढ्या भोकांत ते बसलेलं असतं,
आणि आपण एका बाजूनं पाणी दाबतो
की जरा ढकल, बाबा, त्याला पलीकडे.
पाणी कशाला ढकलतंय!
त्याला एक भेग सापडते
आणि मग रोज त्याच भेगेतून, थेट,
आजूबाजूला कोण बसलंय हे न बघता.

रिगवरून इनास डाबरेचा फोन:
"मॅडम, आज पण आम्ही समुद्रच उपसला,
आणि समुद्रातच सोडला."

बाबा पालिकेत चावीवाले होते.
असल्फ्याच्या उतारावर, पहाटे चारला,
खांद्यावर लोखंडी चावी, त्यांच्याहून हातभर उंच.
रस्त्यातलं झाकण उचलून खालच्या गल्लीचा व्हॉल्व्ह आवळायचे
तेव्हा कुठे टेकडीवरच्या नळांना खोकला यायचा.
खालच्या गल्लीनं त्यांच्या आईबहिणींची नावं काढली.
दोनदा मारलंही.
घरी येऊन, पाय धुताना, एवढंच:
"पाणी आळशी असता गो."

म्हणून आम्ही जेल पाठवतो.
जाताना ते पाण्याइतकंच पातळ,
म्हणून त्याच सोप्या भेगेत शिरतं,
आणि आत गेल्यावर, खाली, अंधारात, ठरल्या तासाला
थिजतं.
मागून आलेलं पाणी थबकतं.
मग नाइलाजानं
त्या बारीक भोकांकडे वळतं.

सहा आठवड्यांनी इनास म्हणाला,
शंभरात एक्याण्णव पाणी यायचं, आता चौऱ्याऐंशी.
साहेबांनी पेढे नाही मागवले, विचारलं,
किती दिवस टिकेल?

बाबांना सांगितलं.
त्यांना आता नीट ऐकू येत नाही,
पण मनगट हवेत आपोआप फिरलं, डावीकडे, थोडं.
"पुरा बंद केलंस काय अर्धा?"
मला उत्तर देता आलं नाही.
तसं खाली कोणी बघितलेलं नाही.

आज नव्वदावा दिवस.
अकरावी बाटली आडवी केली, जीभ आली नाही.
जेल आकसून तळाशी बसलंय,
वर चमचाभर पाणी सुटलंय, स्वच्छ,
जायला वाट शोधत असल्यासारखं.

तारीख घातली. चमचाभर, असं लिहिलं.
बाटली परत ओव्हनमध्ये ठेवली.