पाचवी डिस्क

कुताइसीत, घड्याळजीशेजारच्या माझ्या टपरीत
गोचा चार फ्लॉप्या घेऊन आला.
बापानं मरण्याआधी मोजून ठेवलेला द्राक्षमळा,
बांधासकट, विहिरीसकट
एका फाइलीत ठासलेला,
मग पाच तुकड्यांत कापलेला.

पहिली घातली. हिरवी पट्टी सरकली.
दुसरी.
तिसरी खरखरली, पण निघाली.
चौथीनंतर पट्टी ऐंशी टक्क्यांवर अडली:
'पुढची डिस्क घाला.'

पाचवी झुराबकडे.
झुराब नदीपलीकडे.
सख्ख्या भावाशी अकरा वर्षं अबोला.

"याला सांग ना, आहे तेवढ्यावर उघड."
सांगून पाहिलं. ऐकत नाही.

गोचानं माझ्या तीन सिगारेटी संपवल्या.
मग पडद्याकडेच बघत म्हणाला,
"फोन तू लाव.
नंबर मी सांगतो."