पाण्याचा प्रवेश

लष्करात, दौलतगंजच्या आमच्या मंडळात
नाटक बसायचं ते थंडीतच.
विंगेत शेगडी, शेगडीभोवती दासी आणि सरदार,
आणि मी सगळ्यांपासून जरा दूर,
हातात वही, वहीवर चाळीसचा बल्ब.
प्रॉम्प्टर.

सात वर्षं राजाच्या तोंडचे शब्द
मी राजाच्या आधी बोललो.
टाळ्या पडायच्या त्र्यंबकराव मोघ्यांना,
पत्र्याचा मुकुट त्यांच्या डोक्यावर सोन्याचा व्हायचा.
मला वाटायचं, वाक्य माझंच,
ह्यांनी नुसतं मोठ्याने म्हटलं.

नाटकातला राजा तसा साधा माणूस.
तलवार नाही, विष नाही.
थोरला भाऊ तापाने फणफणलेला, मध्यरात्र,
तो म्हणतो, पाणी.
धाकटा उशाशी, हातात तांब्या, भरलेला.
उभाच राहतो.
एवढंच.
सकाळी नगारे, राज्याभिषेक.

मग त्याला तहान लागते.
राज्यभर विहिरी खणतो,
त्या रात्रीचं कण्हणं ज्यांच्या कानावर पडलं असेल
त्यांना एकेक करून संपवतो:
वैद्य, दासी, दिव्यात तेल घालणारा पोरगा.
तरी चौथ्या अंकात पेला ओठाला लावला
की पेल्यातूनच आवाज येतो, पाणी.
इथे मोठं भाषण आहे.
इथेच, स्पर्धेच्या रात्री,
त्र्यंबकराव थांबले.

वही उघडी होती. बोट ओळीवर होतं.
ओळ सोपी, चार शब्दांची:
मी त्याला मारलं नाही.
त्यांनी मान किंचित माझ्याकडे वळवली.
ओठ हलले, कोरडे.
मी एक मोजला. दोन.
बल्बवर धूळ बसली होती, ती पाहिली.
बारापर्यंत मोजलं.
तिसऱ्या रांगेत कुणी खोकलं, मग कुणी हसलं.
पडदा.

पुढल्या साली मुकुट माझ्या मापाचा झाला,
आतून फडक्याची पट्टी लावून.
त्र्यंबकराव म्हणाले, वय झालं रे, विसरायला होतं.
बाड्याजवळ घड्याळदुरुस्तीच्या दुकानात बसू लागले.
मी समोरून गेलो की
डोळ्यावरचं भिंग तसंच ठेवून म्हणायचे,
बोल.

अकरा वर्षं राजा मी.
शाली आल्या, भोपाळचा करंडक आला,
मिलमधले साहेबसुद्धा खुर्ची सोडून उठू लागले.
रात्री मात्र उठून
माठावरचं झाकण सारखं करायचो.
बायको झोपेत विचारायची, प्यायचंय का?
नाही.

काल प्रॉम्प्टिंगला कुंदा बसली,
त्यांची धाकटी.
चौथा अंक. पेला. ओळ
नव्हती.
ती जिथे असायची तिथे नुसती जागा होती,
बारा आकडे मावतील एवढी.
एक मोजायच्याही आत विंगेतून आलं,
स्वच्छ, हवं तेवढंच:
मी त्याला मारलं नाही.

म्हटलं ते. मोठ्याने म्हटलं.
लोक म्हणतात, तुमच्या आवाजात असा काटा
आधी कधी ऐकला नव्हता.
पाचव्या अंकात प्रजा दार फोडते, सिंहासन उलथतं.
मी पडलो तो असा, की गुडघा खरा फुटला.

रंगपटात खोबरेल तेलाने राजा पुसत होतो.
कुंदा वहीला दोरी बांधत म्हणाली,
काका, बाबांनी सांगून ठेवलं होतं,
त्या ओळीवर बोट ठेवूनच बस.
आज ना उद्या तो तिथे थांबणार.
थांबला तर वाट बघू नकोस.
लगेच दे.

बाहेर धुक्यात किल्ला गेलेला, जणू नव्हताच कधी.
नाक्यावर चहावाल्याने
चहाआधी पाण्याचा ग्लास पुढे केला,
लीजिए, राजासाहब.
धरला.
उभाच राहिलो.