नांगराची बटणं

वास्कोत, स्टेशनाच्या पाठच्या गल्लीत
आमचं बटणांचं दुकान.
पपांच्या वेळी बंदरात जहाज लागलं की
खलाशी दारात उभे,
नांगर कोरलेली पितळी बटणं डझनांनी घ्यायचे.
नोटा दमट असायच्या.
आता गिऱ्हाईक म्हणजे शाळेचे गणवेश,
तेही जूनपुरते.

गेल्या वर्षी गल्लीतली अकरा शटरं पडली.
मोजली मी. बसून दुसरं काय करणार?
छत्रीवाले कामत, मग कॅसेटवाला,
मग त्या जोडप्याचं केकचं दुकान, सहा महिनेही नाही टिकलं.
त्यांचा पत्रा अजून वाऱ्यात खडखडतो.
सातला अंधार. सातलाच मी कुलूप लावायची,
किल्ली मुठीत, टोक बोटांतून बाहेर.
हे मला कुणी शिकवलं, आठवत नाही.

आणि पायऱ्यांवर ती पोरं.
चौघं-पाचजण, एक स्कूटर, एक सिगारेट,
बंद शटरावर फवाऱ्याने काढलेला मासा
ज्याला पाय होते.
व्यापारी मंडळ लॉजच्या माडीवर जमलं.
आंगले म्हणाले, दोन्ही टोकांना लोखंडी दार बसवू.
कुणी म्हणालं कॅमेरे, कुणी म्हणालं पोलिसांचा रोंद.
सामोसे गरम होते.
दाराच्या बाजूने मीही हात वर केला.
लिहून ठेवते, नंतर नाकबूल करायला नको.

दाराची वर्गणी जमेपर्यंत
कामतांच्या गाळ्यात मुबीना बेपारी आली.
वय एकवीस. फुटलेले फोन दुरुस्त करते.
एक टेबल, एक भिंग, आणि एक दिवा,
इतका पांढरा की समोर माझ्या काउंटरवर
रिळांचे रंग मला पहिल्यांदा खरे दिसले:
वीस वर्षं जो धागा मी काळा म्हणून विकला
तो निळा होता.

ती दहापर्यंत बसायची.
विचारलं, भीती नाही वाटत?
भिंगातून डोळा न काढता म्हणाली,
"भंय दिसता गे मावशे.
म्हणून तर दिवो इतलो व्हडलो लायला."

पोरं पायऱ्यांवरून उजेडाकडे सरकली.
फ्लॉइडचा फोन फुटलेलाच होता. सगळ्यांचेच होते.
मग तिथे रांग. रांगेला भूक,
म्हणून कोपऱ्यावर फिलुमिनाचा गाडा, रॉस ऑम्लेट.
ऑम्लेटला बँकेतल्या दोघी, त्यांच्यामागे
नर्सिंगच्या हॉस्टेलच्या सहाजणी,
पाव मोडत, मोठ्याने हसत,
या गल्लीत, आठ वाजता.

मग एका सकाळी मुबीनाचं शटर वाकवलेलं.
तीन फोन गेले.
सगळ्यांनी पायऱ्यांकडे पाहिलं. मीसुद्धा.
फ्लॉइड चार दिवस फिरकला नाही.
पाचव्या दिवशी आला तेव्हा तिने काही न बोलता
हातोडी दिली, आणि दोघांनी मिळून
पत्रा सरळ केला, जमेल तितका.
चोर सापडला नाही.
शटर अजून उघडताना अर्ध्यात अडकतं
आणि ते वर लोटायला रोज तोच येतो.

आंगल्यांचं दार आलं शेवटी.
बिजागऱ्या लहान पडल्या, म्हणून भिंतीला टेकून उभं आहे.
फिलुमिना त्यावर ओली फडकी वाळत घालते.

काल फ्लॉइड दुकानात आला.
काचेखाली बोट ठेवून म्हणाला, हें एक जाय.
जॅकेटचं तुटलं होतं.
नांगराची एकेक विकत नाही, डझनच.
तरी दिलं.
"खंयच्या जहाजाचें?" त्याने विचारलं.
कुठल्याच नाही रे, अलीगडहून येतात.
तो तरीही ते उजेडात धरून बघत राहिला,
आणि मी सुई ओवून दिली,
पहिल्याच प्रयत्नात, निळ्या धाग्याने.
पावणेनऊ झाले होते.