अठ्ठावीस अक्षरं

तार्तूत सकाळी नऊलाही काळोखच.
लेलो ओला कोट खुंटीला अडकवते
आणि गाळलेलं यीस्ट थेंबाथेंबानं
द्रवरूप नायट्रोजनमध्ये सोडते.
चर्र होतं. तळाशी साबुदाणा जमतो.

स्टॅच्यू.
आता कुणी हलायचं नाही.
जो रायबोसोम ज्या अक्षरावर होता, तिथंच;
अर्धं विणलेलं प्रथिन तोंडातून लोंबत.

मग ती विकर घालते,
उघडा दिसेल तेवढा आरएनए कुरतडणारं.
हजार-दीड हजार अक्षरांचा निरोप,
त्यातलं उरतं एवढंच
ज्याच्यावर कुणीतरी बसून होतं.
अठ्ठावीस अक्षरं. कधी एकोणतीस.

जेलमधली ती पट्टी ब्लेडनं कापताना
तिला सल्मे आठवते, आजीची थोरली बहीण.
एकोणपन्नासच्या मार्चमध्ये झडती आली,
कपाटं रिकामी झाली, कागद चुलीत गेले.
सल्मे बाकावरून उठलीच नाही.
पाय मुरगळलाय, म्हणाली.
स्कर्टखाली पत्राचं एकच पान होतं, मधलं:
"...तर गाय यानकडे सोड. आणि दाराच्या"
इथं पान संपतं.
मामा म्हणतो, दाराच्या वर किल्ली.
आई म्हणते, दाराच्या कडीला तेल, बाकी काही नाही.
सत्तर वर्षं नाताळच्या जेवणात हा वाद.

चार कोटी तुकडे वाचून झाले.
संगणक ज्याला त्याला त्याच्या जागी ठेवतो
आणि पडद्यावर पावलं उमटतात:
तीन अक्षरं, तीन अक्षरं, तीन अक्षरं.
प्रोलीनच्या जोडीपाशी गर्दी,
तिथं सगळेच अडखळतात.

पण हे काय?
जनुक सुरू होण्याआधी,
पाठ्यपुस्तकानं मुका ठरवलेल्या पट्ट्यात,
अकरा पावलं. तीन-तीनच्याच तालात.
मग थांबा.

राउनो तिच्या खांद्यावरून वाकून बघतो.
"कचरा असेल. पुन्हा कर."
"असेल," ती म्हणते,
आणि बोटानं पडद्यावर पुन्हा मोजते,
शेवटच्या पावलापर्यंत.
एवढंसं प्रथिन, अकरा मण्यांचं,
कशासाठी, कुणाला ठाऊक.

बाहेर एमायोगीवर बर्फ धरलाय.
ती नवा फ्लास्क लावते, झाकणावर तारीख लिहिते,
आणि खाली, उगाचच, पेन्सिलीनं:
दाराच्या