शेऱ्याचा रकाना

निरीक्षण विहीर क्रमांक सतरा.
कठड्यावरचा निळा आकडा
दर पावसाळ्यानंतर मीच गिरवतो.
फितीला खडू फासायचा, सोडायची खाली,
वर ओढल्यावर खडू जिथवर ओला
तिथे पाणी.
मग कठड्याची उंची वजा करायची.
माणसांनी बांधलेलं यात धरत नाहीत.

सहा मीटर दहा.
मे महिन्यात, निफाडच्या खाली, इतकं वर पाणी!
कार्यालयात नकाशावर हा भाग हिरवा आहे.
खोली बघून रंग देतात.

नोकरीची पहिली नऊ वर्षं गुहागराकडे गेली.
तिथे विहिरीत वाकलं की समुद्र ऐकू यायचा.
खातूसाहेब म्हणायचे,
समुद्राच्या पातळीवर हातभर गोडं पाणी असेल
तर खाली चाळीस हात असतं,
खाऱ्याच्या पाठीवर बसलेलं.
वरचं हातभर उपसलंस
की खालून तो चाळीस हात उठतो.
आवाज करत नाही.
मी रोज संध्याकाळी ओठ चाटून बघायचो,
घाम आहे की विहीर.

इकडे बदली झाली तेव्हा वाटलं, सुटलो.
काळी माती, मुरूम, मांजऱ्या,
त्याखाली पहार परत पाठवणारा पाषाण.
समुद्राच्या आणि आपल्या मध्ये अख्खा सह्याद्री.
नदीसुद्धा त्र्यंबकच्या डोंगरावरून
जवळच्या समुद्राकडे पाठ करून निघते.

आज बादलीत यंत्राची काडी बुडवली.
आकडा चढत राहिला.
हजारावर थांबेल म्हटलं. दोन हजारांवर तरी.
थांबला तीन हजार चारशेवर.
बिघडलंय म्हणून झटकलं,
माझ्या बाटलीतल्या पाण्याने काडी धुतली,
परत बुडवलं.
तीन हजार चारशे दहा.

सरूबाई गांगुर्डे धुणं थांबवून बघत होत्या.
काय म्हनतंय?
खारं म्हणतंय.
येवढ्यासाठी नाशकाहून आले?
दसऱ्यापासून माही तुरीची डाळ शिजना.
साबनाला फेस न्हाई.
म्हशीनं तोंड फिरवलं ते संक्रांतीला.
इचारलं आसतं त फोनवर सांगितलं आसतं.

मग त्या मला बांधापलीकडे घेऊन गेल्या.
उसाच्या सरीत पांढरी खपली धरलेली.
त्यांनी नखाने उचलली, माझ्या तळहातावर ठेवली.
ओल्या पायांनी किनाऱ्यावरून घरी आलो
आणि पाय वाळले की दिसायची तशीच.
इथे भरती आलीच नव्हती.
इथे कालवा आला होता,
त्यांच्या आजेसासऱ्यांच्याही आधी,
आणि मातीला पाजत राहिला, पाजत राहिला.
पाणी उन्हाने परत नेलं.
मीठ न्यायला कुणी आलं नाही.

कठड्यावर बसून फॉर्म भरला.
खोली: ठीक. तापमान: ठीक. भूस्तर: पूर्वीप्रमाणे.
पिण्याचा स्रोत म्हणून योग्य, होय की नाही.
यात 'कालपर्यंत' असा पर्याय नाही.
नाहीवर खूण केली आणि खाली सही करताना
गावातली घरं मोजली, उगाच.
एकशे बेचाळीसच्या पुढे झाडी आडवी आली.

शेवटी बोटभर रुंदीचा रकाना: शेरा.
त्यात लिहिलं, डाळ शिजत नाही, दसऱ्यापासून.
साहेब हे खोडतील.

च्या घेता का? जारच्या पान्याचा करते.
म्हटलं, विहिरीचाच करा.
त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं,
चुलीवर पातेलं ठेवलं,
साखर टाकली, पत्ती टाकली,
दूध ओतलं.
उकळी फुटायच्या आत दूध फाटलं.
पातेलं पदराने धरून
तसंच माझ्यासमोर आणून ठेवलं.
ह्ये लिव्हा.

रकान्यात जागा नव्हती.
मी कागद उलटा केला.