रा. येथील

भट्टी फुटली मंगळवारी, दुसऱ्या पाळीला.
शुक्रवारी ग्रामपंचायतीनं निधी काढला,
शनिवारी पावतीपुस्तक माझ्याकडं आलं.
शंभर पानी, निळा कार्बन,
वर रबरी शिक्का : दुर्घटना सहाय्य निधी.
'सा'चा काना शिक्क्यातच राहून गेलाय.
कुणाला दिसला नाही, मीही बोललो नाही.

पैसा आला. खोटं कशाला बोलू?
दूध संस्थेनं लिटरमागं दहा पैसे कापून दिले,
तालमीनं गणपतीची वर्गणी इकडं वळवली.
हुपरीचा एक चांदीवाला म्हणाला, नाव लिहू नका,
आणि पावती मात्र मागून घेतली.
फौंड्रीच्या मालकानं धनादेश दिला, फोटोत.
वटला का, ते फोटोत दिसत नाही.

मग बैठक. ठराव क्रमांक सात.
सूचक बाबगोंडा मगदूम, अनुमोदक सौ. शालन हजारे :
लाभार्थी गावचा रहिवासी असावा.
चहा यायच्या आत मंजूर.
अक्षर माझं.

गेले पाच जण. यादीत बसले चार.
पाचवा लखिंदर.
त्याचा बाप आला तीन गाड्या बदलून,
पिशवीत आधारची झेरॉक्स, जिल्हा सिवान.
पायतान हातात धरून दारात उभा,
कुठं ठेवायचं ते न कळून.
मी म्हटलं, बाबा, बसा.
मग म्हटलं, नियम आहे.
कसला नियम ते सांगता सांगता
माझी हिंदी संपली.

त्यानं पैसे मागितलेच नाहीत.
एवढंच विचारलं,
इथं कुठं त्याचं नाव लिहिलेलं आहे का?

ठेकेदाराच्या वहीत बघितलं.
तिथं होतं : बिहारी, चार.

मी कपाट उघडलं.
पंचगंगा हायवेवर चढली होती त्या सालचं पुस्तक,
ओलीनं कडा फुगलेलं, पानं एकाला एक चिकटलेली.
नखानं सोडवत गेलो.
पावती क्रमांक दोनशे चौदा.
पूरग्रस्तांसाठी, रोख, रुपये एकशे एक.
श्री. लखिंदर पासवान,
रा. येथील.

हेही अक्षर माझंच.
तेव्हा नव्हतं विचारलं, कुठला रे तू?
देणाऱ्याला कोण विचारतंय.

म्हाताऱ्याला वाचता येत नव्हतं.
त्यानं त्या ओळीवर बोट ठेवलं
आणि बराच वेळ उचललं नाही.

गुरुवारी पुन्हा बैठक आहे.
बाबगोंडा म्हणणार, पावती म्हंजे दाखला न्हवं, भावा.
विषय पत्रिकेवर आणखी एक आहे :
शिल्लक रकमेतून वेशीला स्मृती कमान.
तिच्यावर नावं चार का पाच,
ते इतर विषयांत, अध्यक्षांच्या परवानगीनं.

जुनं पुस्तक मी घरी आणलंय.
कपाटाची किल्ली
अजून दिलेली नाही.